ज्या खेळीपुढे टाटांना जहाज कंपनी बंद करावी लागली, त्याच खेळीला सोलापूरचे वालचंद पुरून उरले

दरवर्षी ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. सरकारी कार्यक्रम होतात, बंदरांवर झेंडे लागतात, सोशल मीडियावर शुभेच्छांच्या पोस्ट फिरतात. पण हीच तारीख का, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

तर झालं असं होतं की, ५ एप्रिल १९१९ या दिवशी मुंबईहून एक जहाज लंडनला निघालं. जहाजाचं नाव होतं 'एसएस लॉयल्टी'. मालक भारतीय होते. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. भारताच्या किनाऱ्यावरचा आणि भारतातून बाहेर जाणारा जवळजवळ सगळा माल ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांतून जात होता. तांदूळ आपला, कापूस आपला, कोळसा आपला, पण भाड्याचे पैसे जायचे लंडनला.

या जहाजामागे जी मंडळी होती, त्यात एक नाव होतं सोलापूरच्या ३६ वर्षांच्या रेल्वे कंत्राटदाराचं. वालचंद हिराचंद दोशी.

समुद्राशी त्यांचा तोवर काहीही संबंध नव्हता.

सोलापूर ते बोरघाट

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात वालचंद यांचा जन्म झाला. घराणं मूळचं सौराष्ट्रातलं, पण सोलापुरात पक्कं रुजलेलं. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. वडील हिराचंद नेमचंद हे जैन समाजात सुधारणेसाठी झटणारे म्हणून ओळखले जायचे. वालचंद सोलापुरात शिकले, पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज असा प्रवास झाला. पण घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचं मन रमत नव्हतं.

अशात त्यांची गाठ पडली लक्ष्मणराव फाटक यांच्याशी. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, नंतर कंत्राटदार झाले. त्यांना कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे भांडवल उभं करायची ताकद होती. दोघांनी भागीदारी केली. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून झाली. पुढे मुंबई-पुणे मार्गावर बोरघाटात बोगदे खोदण्याचं अवघड काम त्यांच्या फर्मने केलं.

या कामांतून वालचंद यांना एक गोष्ट कळली. मोठं काम मिळवायचं तर फक्त स्वस्तात करून चालत नाही. सरकार, बँक, मजूर, यंत्रं या सगळ्यांचं गणित एकत्र बसवावं लागतं. पुढे समुद्रावर हेच कामी आलं.

एक जुनं जहाज आणि साडेचार कोटींची कंपनी

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा जगात जहाजांचा तुटवडा होता. युद्धात शेकडो जहाजं बुडाली होती आणि भाडी गगनाला भिडली होती. अशा वेळी वालचंद यांच्या कानावर आलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं जहाज विकायचं आहे.

हे जहाज मूळचं कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. १८९१ पासून ते कॅनडा ते हाँगकाँग अशा फेऱ्या मारायचं. युद्ध सुरू झाल्यावर माधवराव शिंदे यांनी ते विकत घेतलं, त्यावर जखमी सैनिकांसाठी इस्पितळ उभं केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'लॉयल्टी'.

वालचंद यांनी मुंबईतल्या व्यापाऱ्यांना गाठलं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास अशी वजनदार मंडळी सोबत आली. जहाज घेतलं गेलं आणि मार्च १९१९ मध्ये कंपनीची नोंदणी झाली. भांडवल ठरलं साडेचार कोटी रुपये. जहाज शिंद्यांचं होतं म्हणून कंपनीचं नाव पडलं 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी'. अध्यक्ष झाले नरोत्तम मोरारजी.

पहिल्या सफरीत वालचंद स्वतः लॉयल्टीवर होते. पण खरं सांगायचं तर हे जहाज जुनं झालं होतं. चारच वर्षांत, १९२३ मध्ये, ते भंगारात निघालं. लॉयल्टीने कंपनीला पैसा मिळवून दिला नाही, तिने कंपनीला नाव मिळवून दिलं. खरी लढाई पुढे होती, आणि ती लंडनच्या वाटेवर नव्हती. ती होती कराची, मुंबई, कोलंबो, मद्रास, कोलकाता आणि रंगून या पट्ट्यात.

आधीच्या दोघांचं काय झालं होतं?

या पट्ट्यावर राज्य होतं 'ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन' या कंपनीचं. लोक तिला बीआय म्हणायचे. १८५६ पासून ती इथे होती. १९१४ मध्ये ती पी अँड ओ या दुसऱ्या बलाढ्य कंपनीशी जोडली गेली आणि दोन्हींच्या डोक्यावर बसले लॉर्ड इंचकेप. हा माणूस किती मोठा होता? तर १९२२-२३ मध्ये भारत सरकारचा खर्च कुठे कमी करायचा हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष हेच होते. म्हणजे ज्याच्याशी धंद्यात लढायचं, तोच सरकारला सल्ला देत होता.

भारतीयांनी याआधी प्रयत्न केले नव्हते असं नाही. १८९० च्या दशकात जमशेदजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी हातमिळवणी केली आणि मुंबईहून चीन-जपानला सूत आणि कापूस नेणारी टाटा लाइन सुरू केली. टाटांनी टनामागे १२ रुपये भाडं ठेवलं. पी अँड ओने आपलं भाडं दीड रुपयावर आणलं. व्यापारी स्वस्ताकडे गेले, टाटांना जहाजसेवा बंद करावी लागली. त्यानंतर भाडी पुन्हा वर गेली.

दुसरा प्रयत्न तमिळनाडूतल्या तुतिकोरिनचा. १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिल्लई यांनी स्वदेशी जहाज कंपनी काढली आणि कोलंबोच्या मार्गावर बीआयला आव्हान दिलं. बीआयने तिकीट इतकं खाली आणलं की शेवटी फुकट प्रवास आणि वर छत्री भेट, अशी गोष्ट आजही तिकडे सांगतात. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात चिदंबरम यांना तुरुंगात टाकलं आणि कंपनी बुडाली.

भाडं पाडायचं, नवा गडी थकला की त्याला बाहेर काढायचं आणि मग भाडं वाढवून तोटा वसूल करायचा. ज्याचा धंदा अनेक मार्गांवर पसरला आहे, त्याला हे परवडतं. रंगूनच्या मार्गावर झालेला तोटा तो आफ्रिकेच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या मार्गावरच्या नफ्यातून भरतो. ज्याच्याकडे एकच मार्ग आहे, तो मरतो.

व्यापाऱ्यांना बांधून ठेवणारी साखळी

भाडं पाडण्याशिवाय दुसरं एक हत्यार होतं, आणि ते जास्त धोकादायक होतं. त्याला म्हणायचे डिफर्ड रिबेट, म्हणजे उशिरा मिळणारी सूट.

समजा रंगूनचा एक तांदळाचा व्यापारी वर्षभर ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांतून माल पाठवतो. त्याने भरलेल्या भाड्यातला काही भाग त्याला परत मिळणार. पण लगेच नाही. काही महिने थांबायचं, आणि त्या काळातही फक्त त्याच कंपन्यांची जहाजं वापरायची. मध्येच एखादं पोतं जरी दुसऱ्या कंपनीच्या जहाजात चढवलं, तर साठलेली सगळी सूट बुडाली.

म्हणजे सिंदियाचा माणूस जेव्हा या व्यापाऱ्याकडे जाऊन कमी भाडं सांगायचा, तेव्हा व्यापारी मनातल्या मनात हिशोब करायचा. आज चार पैसे वाचतील, पण तिकडे अडकलेले पैसे जातील. शिवाय सिंदिया उद्या बंद पडली तर बीआयच्याच दारात जावं लागेल. मग कशाला जोखीम घ्या?

या परिस्थितीत सिंदियाने किनाऱ्याच्या व्यापारात जहाजं उतरवली. बीआयने अपेक्षेप्रमाणे भाडी पाडली. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ हा या मार्गावरचा मुख्य माल, आणि नेमकी तिथेच कुऱ्हाड पडली. सिंदिया तोट्यात गेली. मग इंचकेप यांच्याकडून प्रस्ताव आला की कंपनी आम्हाला विकून टाका.

इथे टाटांसारखं बाहेर पडता आलं असतं. त्यांचे इतर धंदे उत्तम चालू होते, भागधारकांचे पैसे काही प्रमाणात परत करता आले असते.

सिंदियाने कंपनी विकली नाही.

हरल्यासारखा दिसणारा करार

१९२३ मध्ये सिंदिया आणि बीआय यांच्यात दहा वर्षांचा करार झाला. त्याच्या अटी वाचल्या तर वाटतं की सिंदियाने हातच टेकले. जहाजांचा ताफा ७५ हजार टनांच्या वर न्यायचा नाही. प्रवासी वाहतूक करायची नाही. परदेशी मार्गांवर जायचं नाही. भारत, ब्रह्मदेश, सिलोनच्या किनाऱ्यावर फक्त माल न्यायचा.

लंडनला जहाज नेऊन सुरुवात केलेल्या कंपनीने दहा वर्षं किनारा सोडायचा नाही, हे मानहानीकारकच होतं. देशभक्तीच्या नावावर शेअर घेतलेल्या लोकांना हे पचणं अवघड होतं. वालचंद यांनाही या अटी डाचत होत्या.

पण या कागदात एक गोष्ट अशी होती, जी टाटांना आणि चिदंबरम यांना कधीच मिळाली नव्हती. भाडेयुद्ध थांबलं. बीआयने पहिल्यांदा एका भारतीय कंपनीला या पाण्यातला भागीदार म्हणून मान्य केलं. जागा छोटी होती, पण सही करून मिळालेली होती.

आणि वालचंद यांनी मिळालेल्या दहा वर्षांत लढाईची जागाच बदलली.

भाड्याची लढाई कायद्याच्या मैदानात

वालचंद यांचं म्हणणं सरळ होतं. भाड्याच्या युद्धात बीआयला हरवणं शक्य नाही, कारण तिच्याकडे पैसा जास्त आहे. मग प्रश्न भाड्याचा ठेवायचाच नाही. अनेक देश आपल्या किनाऱ्यावरचा व्यापार आपल्याच जहाजांसाठी राखून ठेवतात, मग भारताने का ठेवू नये?

ही मागणी तेव्हा हवेत होतीच. १९२२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात भारतीय जहाजउद्योगाबद्दल ठराव आला, त्यातून सरकारला समिती नेमावी लागली आणि समितीने १९२४ मध्ये किनाऱ्याचा व्यापार टप्प्याटप्प्याने भारतीय जहाजांसाठी राखण्याच्या बाजूने मत दिलं. सरकारने ते बाजूला ठेवलं. पण एक शिफारस मान्य झाली. १९२७ मध्ये मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं. तोवर भारतीय माणूस जहाजावर खलाशी म्हणून राबायचा, अधिकारी म्हणून त्याला जवळजवळ जागाच नव्हती. आता भारतीय अधिकारी तयार होऊ लागले.

१९२८ मध्ये एस. एन. हाजी यांनी किनारी व्यापार राखून ठेवण्याचं विधेयक मांडलं. त्यावरून लंडनपर्यंत खळबळ उडाली. विधेयकाचा कायदा झाला नाही. उलट १९३५ च्या भारत सरकार कायद्यात ब्रिटिश कंपन्यांविरुद्ध भेदभाव करता येणार नाही अशी कलमंच घालण्यात आली.

पण या गदारोळात एक मोठी गोष्ट घडली होती. सिंदियाचा तोटा हा आता एका कंपनीचा तोटा राहिला नव्हता, तो देशाचा प्रश्न झाला होता. वालचंद फिक्की या व्यापारी महासंघाचे अध्यक्ष झाले, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभी करण्यात पुढे राहिले, आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये जाऊन भारतीय जहाजांची बाजू मांडत राहिले. सिंदियाला बुडवायचं तर आता बाजारासोबत राजकारणातही किंमत मोजावी लागणार होती.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचं अपघाती निधन झालं आणि सिंदियाची सूत्रं वालचंद यांच्याकडे आली. दहा वर्षांच्या कराराची मुदत संपल्यावर कंपनीने हातपाय पसरले. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी 'एल मदिना'सारखी जहाजं काढली आणि तिथेही ब्रिटिश गटाच्या कंपनीशी पुन्हा भाडेयुद्ध झालं. कोकणच्या किनाऱ्यावर प्रवासी बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनही पुढे सिंदियाच्या छत्राखाली आली.

अर्थात सगळंच काही उजळ नव्हतं. १९३० च्या दशकात मलबार किनाऱ्यावरच्या छोट्या भारतीय जहाज कंपन्यांची तक्रार बीआयबरोबर सिंदियाबद्दलही होती. मोठ्याने छोट्याला दाबायचं ही जी तक्रार सिंदिया करत होती, तीच आता तिच्यावर होऊ लागली.

जहाज आपलं, पण बांधणार कोण?

वालचंद यांना अजून एक गोष्ट सलत होती. जहाजं भारतीय मालकीची झाली तरी ती बांधली जायची ब्रिटनमध्ये. युद्ध झालं, तिथला कारखाना अडला, की इथला धंदा अडला.

आधी विचार कोलकात्याचा होता, पण तिथे हवी तशी जागा मिळाली नाही. शेवटी विशाखापट्टणम ठरलं. २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. महायुद्ध सुरू होतं. दहा महिन्यांत, एप्रिल १९४२ मध्ये, जपानने विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. काम रखडलं.

याच काळात वालचंद विमानांच्याही मागे लागले होते. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी भेट झाली आणि त्यातून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. युद्धामुळे १९४२ मध्ये सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. तीच आजची एचएएल. मोटारीसाठी त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली पद्मिनी याच कंपनीची. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आणि मालेगावजवळचं रावळगाव ही साखरेची गावंही त्यांचीच.

विशाखापट्टणमचा कारखाना मात्र युद्धानंतर पुन्हा उभा राहिला. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते 'जल उषा' हे आठ हजार टनांचं जहाज पाण्यात उतरलं. स्वतंत्र भारतात बांधलेलं हे पहिलं मोठं जहाज. लॉयल्टी निघाली त्याला तेव्हा २९ वर्षं होत आली होती.

आणि १९५० च्या सुमारास सरकारने किनाऱ्याचा व्यापार भारतीय जहाजांसाठी राखून ठेवला. टाटांना भाड्याने जमलं नाही, चिदंबरम यांना त्यागाने जमलं नाही, ते शेवटी कायद्याने झालं. पण तो कायदा येईपर्यंत पाण्यावर टिकून राहिलेली एखादी भारतीय कंपनी हवी होती. ती सिंदिया होती.

शेवट

१९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. १९५२ मध्ये विशाखापट्टणमचा कारखानाही सरकारच्या हाती गेला आणि त्याचं हिंदुस्थान शिपयार्ड झालं. म्हणजे विमानांचा कारखाना गेला, जहाजांचा कारखाना गेला. ज्या सरकारी आधारासाठी ते आयुष्यभर भांडले, त्याच सरकारने त्यांची दोन सगळ्यांत मोठी स्वप्नं ताब्यात घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे वालचंद यांचं निधन झालं.

सिंदियाची जहाजं आज समुद्रावर दिसत नाहीत. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये सिंदिया हाउस तेवढं उभं आहे. सोलापूर आणि सांगलीत वालचंद यांच्या नावाची कॉलेजं आहेत आणि तिथली पोरं इंजिनिअर होऊन बाहेर पडतात.

आपल्यापेक्षा दहापट मोठ्या कंपनीशी दर पाडून लढायला गेलेले अनेक जण संपले. वालचंद यांनी आधी टिकून राहण्यापुरती जागा मिळवली, त्यासाठी वाईट करारही गिळला, आणि मग लढाई अशा मैदानात नेली जिथे समोरच्याचा पैसा कमी चालत होता. ५ एप्रिलला पुढच्या वेळी सागरी दिनाची पोस्ट दिसली, तर लॉयल्टीसोबत १९२३ चा तो हरल्यासारखा दिसणारा करारही आठवायला हवा.